बंदूक मागू, पण आधी पट्टा



भात पोटरीवर आलं की डुकरं उच्छाद मांडतात. रात्रभर माळ्यावर बसून डबे वाजवायचे, आरोळ्या ठोकायच्या, तरी सकाळी अर्धा वाफा आडवा. मग वाडीवाडीत एकच बोलणं: ठासणीची बंदूक पाहिजे. परवाना नाही, आणि बिनपरवान्याची धरली तर केस. म्हणून काही तरुण साथी म्हणतात, ग्रामसभेत ठरावच करू की आमच्या गावात हत्यारांचा कायदा चालणार नाही. आम्हाला हा रस्ता चुकीचा वाटतो.

असे ठराव अमेरिकेत झालेत. तिथल्या शेकडो कौंट्यांनी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागांनी, ठरवलं की बंदुकीचे कडक कायदे आमचे पोलीस राबवणार नाहीत. तिथला शेरीफ लोकांनी निवडलेला असतो. केंद्राने आपलं काम अशा शेरीफवर लादू नये, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1997 साली सांगितलं. पण 2021 साली मिसूरी राज्य आणखी पुढे गेलं. केंद्राचे बंदुकीचे कायदे आमच्याकडे गैरलागू, असा कायदाच केला. 2023 मध्ये कोर्टाने तो रद्द केला. म्हणजे हात आखडता घेता येतो, कायदा पुसता येत नाही.

आपल्याकडे तर आखडता घ्यायला हातही आपला नाही. हत्यारांचा विषय घटनेने केंद्राकडे दिलाय. परवाना कलेक्टर देतो. पोलीस ग्रामसभेला बांधील नाहीत. पेसा कायदा राज्याच्या 13 जिल्ह्यांत आहे, त्यात रत्नागिरी नाही. ठराव करणारे घरी राहतील, आणि जेलात जाईल तो रात्री राखणीला गेलेला कातकरी.

मग गप्प बसायचं का? नाही. 1959 च्या हत्यार कायद्याचं कलम 13 बघा. खऱ्या पीक-राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, असं त्यातच लिहिलंय. अडतं ते जमिनीच्या कागदावर. आपण पिढ्यान्‌पिढ्या कसतो, पण सातबारा दुसऱ्याचा, नाहीतर फॉरेस्टचा. इंग्रजांनी जंगलाचा कायदा आणि हत्यारांचा कायदा एकाच वर्षी आणले, 1878 साली. ही गाठ जुनी आहे. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडव लोकांना आणि जम्मा जमीन धरणाऱ्यांना बंदुकीच्या परवान्यातून इंग्रजांच्या काळापासून सूट आहे. तीसुद्धा कुणा गावाच्या ठरावाने नाही, सरकारच्या हुकमाने. आणि बघा, तिथेही सुटीचा एक आधार जमीनच.

म्हणून ग्रामसभेचा ठराव जरूर करू, पण असा:

एक. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसणाऱ्या आदिवासींचे वनहक्क दावे निकाली काढा. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्या, आणि बंदुकीच्या परवान्याला तोच पट्टा जमिनीचा कागद म्हणून धरा.

दोन. निवडणूक आली की राखणीच्या बंदुका सरसकट जमा करू नका. 2024 साली आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, मतदान 20 नोव्हेंबरला. भात कापायचे तेच दिवस. सरसकट जमा न करता परवान्यांची छाननी करा, हे मुंबई उच्च न्यायालयाने आधीच सांगितलेलं आहे.

तीन. बंदूक राखणीला, शिकारीला नाही. वनहक्क कायद्याने शिकारीचा हक्क दिलेला नाही. डुक्कर मारायचं तर वनखात्याची लेखी परवानगी लागते. झुडपात हललं म्हणून बार काढला आणि माणूस गेला, असं कोकणात घडलेलं आहे. हा नियम आपणच पाळायचा, वाडीतल्या बायांनी त्यावर लक्ष ठेवायचं.

बंदुकीने डुक्कर पळेल. पण उद्या फॉरेस्टवाले शेतातून उठवायला आले तर बंदूक कामाची नाही, पट्टाच लागेल.

येत्या ग्रामसभेत ठराव मांडा. सह्या-अंगठे घ्या, नक्कल ठेवा, तहसील कचेरीत पोच घेतल्याशिवाय उठू नका.

जिंदाबाद!