क्षेत्रसभा बोलवा, नाहीतर आम्ही बोलावतो

ठाणे महापालिकेचे 131 सदस्य, महापौर आणि आयुक्त यांना वागळे इस्टेटमधून हा इशारा आहे. हे निवेदन नव्हे. निवेदनावर आवक क्रमांकाचा शिक्का बसतो, वरच्या साहेबांचा 'योग्य ती कार्यवाही करावी' असा शेरा पडतो आणि कागद कपाटात जातो. असे शिक्के मारलेल्या प्रतींची एक पिशवी आमच्या घरोघरी आहे. त्यात भर घालायची नाही.

येत्या 1 जूनपर्यंत मुदत देतो. ही तारीख आम्ही पंचांग बघून काढलेली नाही. 1 जून 1993 रोजी 74वी घटनादुरुस्ती लागू झाली. शहराचा कारभार शहराने करावा, म्हणून राज्यघटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. तिच्यात नगरनियोजन, रस्ते आणि पूल, पाणीपुरवठा, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा अशी 18 कामं लिहिली आहेत. तीन लाखांवर वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, हेही त्याच घटनादुरुस्तीत सांगितलं आहे. या गोष्टीला आता तीन दशकं उलटून गेली.

त्यातली अलीकडची वर्षं कशी गेली ते आठवा. मार्च 2022 मध्ये आपल्या महापालिकेची मुदत संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असं घटना म्हणते. झाली नाही. प्रशासक बसले. महासभा तेच, स्थायी समिती तेच, आयुक्तही तेच. प्रस्ताव मांडायचा त्यांनीच आणि मंजूरही करायचा त्यांनीच. शेजारी कल्याण-डोंबिवलीत तर नोव्हेंबर 2020 पासूनच नगरसेवक नव्हते, म्हणजे तिथल्या मतदाराची पाच वर्षांची एक अख्खी मुदत कोणी विचारल्याशिवाय उडून गेली. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कान उपटले, तेव्हा कुठे 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं. आम्ही रांगा लावल्या, बोटाला शाई लावली. एका प्रभागात चार-चार जणांना मत दिलं.

निवडून आल्यापासून चौकाचौकांत तुमच्या अभिनंदनाचे फलक लागले. ते लावा, हौस आहे. पण त्या फलकाखाली उभ्या असलेल्या माणसाने आपल्या तुंबलेल्या गटाराची तक्रार नेमकी कोणाकडे करायची, हे कोण सांगणार? चौघांपैकी पहिला म्हणतो दुसऱ्याकडे जा, दुसरा म्हणतो हे तिसऱ्या ताईंच्या भागात येतं, आणि चौथे दादा गावी गेलेले असतात. चार मालकांच्या म्हशीला वैरण कोणी घालत नाही.

आता वागळे इस्टेटची गोष्ट सांगतो. ही जागा आडगल्ली नव्हे. 1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म झाला, तो इथल्याच कार्यक्रमात. राज्यभर 'एमआयडीसी' म्हणून जे काही उभं राहिलं, त्याचं पहिलं पाऊल आमच्या मातीत पडलं. रोड नंबर 16 आणि 22 वर भोंगे वाजायचे. कामगार कोकणातून, घाटावरून, खानदेशातून, उत्तरेतून आले आणि किसननगर, हाजुरी, इंदिरानगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर या वस्त्या त्यांनी आपल्या पैशाने, आपल्या जोखमीने उभ्या केल्या. भोंगे थांबले. त्या जागी काचेच्या इमारती आल्या, पासपोर्ट कार्यालय आलं. वस्त्या मात्र तिथेच राहिल्या, आणि त्यांच्याविषयीचे निर्णय एकेक करून वस्तीबाहेर निघून गेले.

कुठे गेले? हिशोब करू. पाण्यापासून सुरुवात करतो, कारण त्यावाचून सकाळ होत नाही. ठाण्याला दिवसाला सुमारे 585 दशलक्ष लिटर पाणी मिळतं. त्यातलं महापालिकेच्या स्वतःच्या योजनेचं 250, एमआयडीसीचं 135, स्टेम प्राधिकरणाचं 115 आणि मुंबई महापालिकेचं 85. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी दुसऱ्यांच्या मर्जीचं. ठाण्याचं स्वतःचं धरण नाही. जलवाहिनीचं काम मुंबईकर काढतात आणि किसननगर, हाजुरी, कोपरीतल्या बायका हंडे भरून ठेवतात. मुंबई महापालिकेला जाब विचारणारं आमचं मत कुठे आहे? तिथे आम्ही मतदार नाही, फक्त ग्राहक आहोत.

घराचं बघा. किसननगरची साईराज इमारत कोसळली, माणसं गेली, आणि त्या दुःखातून ठाण्यात क्लस्टरची, म्हणजे समूह पुनर्विकासाची, मागणी उभी राहिली. ती रास्तच होती. जून 2023 मध्ये किसननगरच्या क्लस्टरचं भूमिपूजन झालं आणि काम सिडकोकडे गेलं. सिडको म्हणजे नवी मुंबई वसवणारी कंपनी, तिचा कारभार बेलापुरात. तिच्या संचालक मंडळावर आम्ही कोणालाही निवडून देत नाही. वडाळ्याहून कासारवडवलीकडे जाणारी मेट्रो 4 एमएमआरडीएची, त्यांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. केंद्रीय मंत्रिमंडळाने 16 ऑगस्ट 2024 ला मंजूर केलेली ठाण्याची 29 किलोमीटरची वर्तुळाकार मेट्रो रायलादेवी आणि वागळे सर्कलवरून जाणार. 12,200 कोटींचा प्रकल्प. तो बांधणार महामेट्रो, आणि महामेट्रोचं मुख्यालय नागपुरात. आमच्या दारासमोरचा पत्रा का हलला नाही, हे विचारायला उद्या विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट काढायचं का?

मेट्रोला आमचा विरोध नाही. क्लस्टरलाही नाही. लोखंडी टेकू लावलेल्या छताखाली पावसाळा काढणाऱ्या कुटुंबाला पक्कं घर नको, असं म्हणायला आम्ही वेडे नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. पाणी एकाचं, घर दुसऱ्याचं, रूळ तिसऱ्याचे आणि मतपेटी चौथ्याची, असा हा कारभार आहे. त्यात जबाबदारीची खुर्चीच ठेवलेली नाही.

तिजोरीचंही तेच. ठाण्याची जकात गेली, स्थानिक संस्था कर आला आणि तोही गेला. 1 जुलै 2017 पासून जीएसटी. आता महापालिकेला दर महिन्याला राज्याकडून भरपाईची रक्कम येण्याची वाट पाहावी लागते. पगार मागणाऱ्याचा आवाज मालकासमोर किती चढणार, हे आम्हा कामगारांच्या पोरांना कोणी शिकवायला नको. त्यावर महापालिका कायद्याचं कलम 451 आहेच. महासभेने ठराव केला आणि वरच्यांना तो रुचला नाही, तर राज्य शासन तो निलंबित किंवा विखंडित करू शकतं. 'विखंडित' हा शब्द महापालिकेच्या शिपायालाही पाठ असतो, यातच सगळं आलं.

मंत्रालय लांब आहे, ही सबब आमच्याकडे तरी चालणार नाही. नगरविकास खातं ज्यांच्या हाती आहे ते एकनाथ शिंदे याच किसननगरच्या शाखेतून वर गेले, 1997 मध्ये याच महापालिकेत नगरसेवक म्हणून बसले, आणि पुढे मुख्यमंत्रीही झाले. नगरसेवकाचे हात कुठे बांधलेले असतात, हे त्यांच्याइतकं जवळून महाराष्ट्रात फार थोड्यांनी पाहिलं असेल. तेव्हा सन्माननीय सदस्यहो, 'वर विचारावं लागेल' हे उत्तर वागळे इस्टेटमध्ये देऊ नका. वरचा रस्ता आमच्या गल्लीतूनच गेलेला आहे.

काही जण म्हणतील, महापालिकेच्या हाती सगळं देऊन काय दिवे लागले? प्रश्न खरा आहे. 4 एप्रिल 2013 रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडची इमारत कोसळून 74 माणसं मेली. ती हद्द ठाणे महापालिकेचीच होती, आणि नंतर ज्यांना अटक झाली त्यांत महापालिकेचे अधिकारी होते, एक नगरसेवकही होता. म्हणून आम्ही नुसती 'सत्ता महापालिकेला द्या' असं म्हणत नाही. सत्ता खाली यावी, आणि ती अशा ठिकाणी यावी जिथे शेजारी बसलेला माणूस उठून विचारू शकेल, की बाबा, या इमारतीला परवानगी दिली कोणी?

त्या ठिकाणाला कायद्यात नाव आहे. क्षेत्रसभा. काही मतदान केंद्रांच्या हद्दीतले सगळे मतदार एकत्र बसतात, आपल्या भागाची कामं सुचवतात, त्रुटी दाखवतात. गावाला ग्रामसभा, तशी शहराला क्षेत्रसभा. महाराष्ट्राच्या महापालिका कायद्यात ही तरतूद 2009 पासून आहे. तुमच्यापैकी किती जणांनी हा शब्द शपथ घेण्याआधी ऐकला होता? रागावू नका, आमच्यातल्या बहुतेकांनीही ऐकला नव्हता. प्रभाग समितीत नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी बसू शकतात, हेही कायद्यातच आहे. वागळे इस्टेट प्रभाग समितीच्या कार्यालयात आम्ही दाखल्यांसाठी आणि घरपट्टीसाठी जातो. समितीच्या बैठकीला नागरिक म्हणून बसायला कोणी बोलावल्याचं आमच्या आठवणीत नाही.

केरळने 1996 मध्ये लोकनियोजन मोहीम काढली आणि राज्याच्या योजनेतला 35 ते 40 टक्के निधी स्थानिक संस्थांकडे वळवला. इंग्लंडमध्ये मँचेस्टर परिसरातल्या दहा नगर परिषदा एकत्र आल्या, लंडनकडून अधिकार मागून घेतले आणि 2017 पासून अख्ख्या प्रदेशाचा महापौर लोक थेट निवडतात. तिथे प्रदेश मोठा केला तेव्हा मतदारही त्या टेबलावर आला. इथे उलटं चाललं आहे. मुंबई महानगर प्रदेश 6,328 चौरस किलोमीटरचा झाला, त्यात नऊ महापालिका आल्या, नीती आयोगाने त्याला 'ग्रोथ हब' म्हटलं, 2030 पर्यंत अर्थव्यवस्था 300 अब्ज डॉलरची करायचं ठरलं. ठरवताना रोड नंबर 28 वरच्या लेथवाल्याला कोणी विचारलं? घटनेच्या कलम 243 झेडईप्रमाणे महानगर नियोजन समितीतले किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्या नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे असतात. ज्या वर्षांत हा आराखडा शिजला, त्या वर्षांत ठाण्यात नगरसेवकच नव्हते.

आणि नकाशावर रेघा मारणाऱ्यांवर विसंबून राहिलं की काय होतं, ते कल्याण-डोंबिवलीच्या 27 गावांना विचारा. 1983 मध्ये महापालिकेत घातली, 2002 मध्ये बाहेर काढली, 2015 मध्ये पुन्हा आत घेतली, 2020 मध्ये त्यातली 18 गावं परत वगळली. त्याच वर्षाच्या अखेरीस उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्या गावांतल्या एखाद्या म्हाताऱ्याने कर कोणाला भरायचा, हे दारावर खडूने लिहून ठेवायचं का?

आता मागणी. 1 जूनपर्यंत वागळे इस्टेट आणि लोकमान्य-सावरकरनगर या दोन्ही प्रभाग समित्यांच्या हद्दीतल्या क्षेत्रसभा जाहीर करा, आणि पहिल्या बैठकीची तारीख प्रभाग कार्यालयाच्या फलकावर मराठीत लावा. प्रभाग समितीची बैठक दर महिन्याला खुली घ्या. त्या बैठकीत मागच्या महिन्यातल्या पाण्याचा आणि कामांच्या बिलांचा हिशोब मांडा. सिडको आणि महामेट्रोच्या अधिकाऱ्यांना त्या बैठकीला बोलवा. येणार नसतील तर त्यांचं नकाराचं पत्र वाचून दाखवा. महानगराचा कोणताही आराखडा महासभेपुढे मराठीत आल्याशिवाय ठाण्याच्या एकाही सदस्याने त्याला हात वर करू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. नवा पैसाही लागत नाही. फुलांचे हार आणि फलक यांच्यात जेवढा गेला, त्याच्या आत बसेल.

हे झालं नाही तर काय, ते आधीच सांगतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. आम्ही कर बुडवणार नाही. तो गुन्हा आहे, शिवाय मूर्खपणाही, कारण दंड पुन्हा आम्हीच भरणार. रस्ता अडवणार नाही. त्या रस्त्यावरून आमचीच पोरं पाळीला जातात. पण मुदत टळल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक मतदान केंद्राच्या हद्दीतून माहिती अधिकाराचे अर्ज पडतील. क्षेत्रसभा का नेमल्या नाहीत, कोणाच्या सहीने थांबल्या, एवढंच त्यात विचारलेलं असेल. त्या उत्तरांसह, किंवा उत्तरं आली नाहीत हे सांगून, उच्च न्यायालयात याचिका जाईल. प्रतिवादींत आयुक्त असतील, राज्य शासन असेल, आणि नगरसेवकांपैकी जे गप्प बसले त्यांची नावं याचिकेच्या मजकुरात असतील. तोपर्यंत आमच्या कोणत्याही मंडळाच्या व्यासपीठावर तुमचा सत्कार होणार नाही. गणपतीत तुम्ही दर्शनाला या, देव सगळ्यांचा आहे. माईक मात्र मिळणार नाही.

आणि तुम्ही सभा बोलावली नाही, तर ती आम्ही बोलावू. रविवार, 7 जून, सकाळी दहा, रायलादेवी तलावाच्या काठी. प्रत्येक प्रभागाच्या चार नगरसेवकांसाठी चार खुर्च्या मांडलेल्या असतील, पाठीवर नावं चिकटवलेली. इतिवृत्त लिहायला आमच्यातलाच एक निवृत्त कारकून तयार आहे. आलात तर पाणी-चहा होईल. नाही आलात तर रिकाम्या खुर्चीचा फोटो इतिवृत्ताला जोडला जाईल. तेव्हा पाऊस सुरू झालेला असेल, म्हणून येताना छत्री आणा.