रंग उडाला, पण विष गेले काय?

आमचे घर महालात आणि बाबांचा धंदा रंगाऱ्याचा. ओढण्या, साड्या गंजातल्या उकळत्या रंगात बुडवायच्या, खळबळायच्या आणि गच्चीवर वाळत घालायच्या. महाविद्यालयात आलेला आमच्या घरातला मी पहिलाच. माझी फी याच रंगातून निघते. पण खळबळलेले रंगीत पाणी मोरीतून नालीत, नालीतून नाग नदीत आणि पुढे कन्हानकडे जाते. हे लिहिताना हात अडखळतो.

विज्ञान शाखेतल्या एका मित्राने सांगितले की, पाण्यातला रंग उन्हाने मोडता येतो. 1972 साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन होते हे दाखवले. परंतु त्या पदार्थाला अतिनील किरण लागतात आणि उन्हात ते जेमतेम पाच टक्के. 2009 साली कार्बन नायट्राइड हा धातू नसलेला, सेंद्रिय जातीचा अर्धवाहक पुढे आला. युरिया किंवा मेलामाइन 500 अंशांच्या वर तापवले की ही पिवळसर भुकटी तयार होते. तिला डोळ्यांना दिसणारा निळा प्रकाशही पुरतो. प्रकाश पडताच तिच्यातले इलेक्ट्रॉन उसळतात, पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूला चेतवतात आणि तो रंगाचे रेणू तोडतो.

नागपूरला उन्हाची काय कमी! मी आनंदाने बाबांना सांगितले. ते एवढेच म्हणाले, "पाणी साफ दिसलं म्हणून तू पिशील काय?"

शाळा अर्धवट सोडलेल्या माणसाचा हा प्रश्न मला पुष्कळ प्रयोगांपेक्षा नेमका वाटतो. अनेक प्रयोगांत मेथिलीन ब्लूचा निळेपणा किती उतरला तेवढेच मोजतात. पण तो रंग स्वतःच प्रकाश शोषतो, त्यामुळे त्याच्या उडण्याचे सगळे श्रेय भुकटीला देता येत नाही. शिवाय अ‍ॅझो रंग अर्धवट मोडले तर त्यांतून विषारी अमाइनही उरू शकतात. म्हणून पाण्यात सेंद्रिय कार्बन किती शिल्लक राहिला, हे मोजलेच पाहिजे. भुकटी परत गाळून कशी घ्यायची, हाही प्रश्न आहेच.

माझे मत असे की, हा उपाय नदीत नव्हे, रंगाऱ्याच्या दारात करून पाहावा. गढूळ, खोल पाण्यात प्रकाश शिरत नाही. गच्चीवरच्या उथळ टाकीत शिरतो. 1958 साली स्थापन झालेली 'नीरी' ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था आपल्याच शहरात आहे. तिने महालातल्या एखाद्या गल्लीत असा प्रयोग करावा आणि खर्चासकट आकडे मराठीत लावावेत. रंगाऱ्यांनीही, आमच्या घरासकट, फिक्या रंगाचे उरलेले पाणी ओतून न देता गडद रंगासाठी वापरावे. त्याला कोणत्याही शोधाची वाट पाहावी लागत नाही.

आणि आपण कला शाखेचे विद्यार्थी? सूत्रे आपल्याला येत नसतील, पण बाबांचा प्रश्न तर आपण विचारू शकतो. ज्या नदीवरून या शहराचे नाव पडले असे म्हणतात, तिचे एवढे देणे आपण लागतोच.

— बी. ए. भाग 2