अब्बांचा बैल कोणाच्या नावावर आहे?

मागच्या उन्हाळ्यात कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावी होतो. लाळ्या-खुरकुताची लस टोचायला पशुवैद्यकीय डॉक्टर आले. अब्बांनी दीड वर्षापूर्वी बाजारातून आणलेल्या बैलाच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक त्यांनी मोबाइलमध्ये टाकला, आणि भलत्याच माणसाचं नाव आलं. जुना मालक. अब्बा म्हणाले, "बाजाराची पावती आहे ना पेटीत!" मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, आणि माझ्याच घरच्या दावणीची नोंद चुकलेली.

हा बिल्ला म्हणजे नुसती सरकारी कटकट नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी दिसला आणि काही आठवड्यांत राज्यभर पसरला. माशा, डास, गोचीड हे त्याचे वाहक, पण त्यांना लांबचा पल्ला मिळतो तो टेम्पोतून जाणाऱ्या आजारी जनावरामुळे. बाजार बंद झाले. दगावलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये मदत ठरली. जनावर कुठून आलं, कुठे गेलं, लस कधी टोचली हे कळलं तर एका गावापुरता बंदोबस्त पुरतो. नाही कळलं तर सगळा जिल्हा बंद. म्हणूनच १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला आणि वाहतुकीला बंदी आली.

नियम बरोबर आहे, असं माझं मत आहे. आपल्या व्यापारी बिरादरीत हे बोललं की लोक कपाळाला आठ्या घालतात. "आणखी एक कागद, आणखी एक नाका," असं मामू म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. रात्री नाक्यावर गाडी अडवणारा प्रत्येक जण रोग तपासायला उभा नसतो. पण अशा वेळी हातात काय असावं? चुरगळलेली पावती की सरकारच्याच नोंदीत आपलं नाव?

मात्र ती नोंद खरी राहायला हवी. डेटाबेस एकदा भरला की काम संपलं असं आमच्या धंद्यात कोणी मानत नाही, खरी परीक्षा बदल नोंदवण्यात असते. जनावर विकलं जातं बाजारात, तेव्हा मालकाचं नावही तिथेच, पैसे मोजतानाच बदललं पाहिजे. हिंगोली, वसमत, सेनगाव, औंढा, कुठलाही बाजार असो, बाजार समितीने एक टेबल टाकावं आणि पशुसंवर्धन विभागाने तिथे एक माणूस बसवावा. शेतकऱ्याला त्यासाठी वेगळा खेटा पडता कामा नये.

दुसरी मागणी जरा अवघड आहे. २००९ च्या जनावरांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याने सरकारला नियंत्रित क्षेत्र जाहीर करून बाजार बंद ठेवण्याचा अधिकार दिला आहे. रोगासाठी तो वापरा, आम्ही सोबत आहोत. पण मे २०२५ मध्ये गोसेवा आयोगाने बाजार समित्यांना ३ ते ८ जून जनावरांचे बाजार भरवू नका असं कळवलं, तेव्हा कारण रोगाचं नव्हतं, गोवंशहत्या रोखण्याचं होतं. ईद ७ तारखेला होती. त्यात शेळ्यांचा बाजारही अडकला असता. टीका झाल्यावर ते मागे घेतलं गेलं, पण असं एकदा झालं की पुढच्या खऱ्या साथीतही लोक बंदीमागे डावच शोधतात.

आणि आपणही आजार लपवतो, हे कबूल करू या. त्याच कायद्याने आजाराची खबर देणं मालकावर बंधनकारक आहे, आणि आजारी उंट निरोगी उंटांत आणू नयेत ही ताकीद तर हदीसमध्येच आहे. गाभडलेली शेळी गुपचूप विकणारे आपल्यातही आहेत. ते कारण ब्रुसेलोसिस असेल तर तो आजार माणसाला होतो, आणि पहिला धोका दूध काढणाऱ्या बायकांना नि कापणाऱ्या कुरेशी पोरांना.

अब्बांच्या बैलाची नोंद दोन खेट्यांनंतर बदलली. या ईदला गावी जाईन तेव्हा मामूंच्या सगळ्या म्हशींचे क्रमांक वहीत उतरवून घेणार आहे. १९६२ हा फिरत्या दवाखान्याचा क्रमांक त्यांच्या मोबाइलमध्ये मी आधीच टाकलाय, "जनावरांचा डॉक्टर" या नावाने.