धावा हव्यात, माणूस नको

जानेवारी 2025 मध्ये सिडनीला बॉर्डर-गावस्कर करंडक ऑस्ट्रेलियाच्या हाती दिला गेला, तेव्हा मंचावर एकटा अ‍ॅलन बॉर्डर होता. करंडकावर ज्याचं नाव आहे तो दुसरा माणूस त्याच मैदानात, हाकेच्या अंतरावर होता. त्याला कुणी बोलावलं नाही. भारत हरला म्हणून बोलावलं नाही, असा नंतर खुलासा झाला. गावस्करने नाराजी बोलून दाखवली आणि आमच्या जावळी तालुक्यातल्या मेढ्यात, एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात, लगेच न्यायनिवाडा सुरू झाला.

"म्हाताऱ्याला मानपान लागतोय बघा."

"आयुष्यभर स्वतःपुरतं खेळला, आता स्वतःपुरतंच बोलणार."

बोलणाऱ्या पोरांनी गावस्करला खेळताना पाहिलेलं नाही. पण छत्तीस हा आकडा प्रत्येकाला पाठ. चौतीस शतकं कुणाला ठाऊक नाहीत, दहा हजार एकशे बावीस धावांचा पत्ता नाही. छत्तीस तेवढा तोंडावर.

मग छत्तीसपासूनच सुरू करू, कारण गावस्करचे भक्त नेमके तिथेच काढता पाय घेतात. 7 जून 1975, लॉर्ड्स, पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. इंग्लंडने 60 षटकांत 4 बाद 334 केल्या. आपण 60 षटकं खेळून 3 बाद 132. त्यात गावस्कर 174 चेंडूंत नाबाद 36, चौकार एक. एकदिवसीय खेळ आपल्याला नवा होता, धावसंख्या आवाक्याबाहेरची होती, ही सगळी कारणं मी ऐकलेली आहेत आणि मला एकही पटत नाही. त्याच दिवशी त्याच खेळपट्टीवर डेनिस अ‍ॅमिसने 137 काढल्या होत्या. हा निव्वळ हट्ट होता, आणि पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकाचा अपमान होता. मी गावस्करचा चाहता आहे, वकील नाही.

पण हट्ट कुठून आला, ते बघायचं की नाही? 1971 चा वेस्ट इंडिजचा दौरा घ्या. बोट चिघळल्यामुळे हा एकवीस वर्षांचा पोरगा पहिली कसोटी बाहेर बसला. उरलेल्या चार कसोटींत त्याने 774 धावा केल्या. शेवटची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनची, सहा दिवसांची. दात ठणकतोय, रात्रीची झोप नाही, आणि हा गडी पहिल्या डावात 124 आणि दुसऱ्या डावात 220 करून बसलाय. वाडेकरच्या संघाने मालिका जिंकली. तेव्हा याच हट्टाला आपण जिद्द म्हटलं, मिरवलं, लेखांमधून पोरांना धडे दिले. खेळपट्टी न सोडणारा माणूस एकच आहे. पोर्ट ऑफ स्पेनला तो देव आणि लॉर्ड्सला स्वार्थी, असं दोन भावांत विकत घेता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याला त्याच्या धावा हव्या होत्या, तो नको होता. मराठी माणसाला पराक्रमी माणूस आवडतो, पण तो गुणी बाळासारखा पाहिजे. शतक करावं, मान खाली घालावी, आईवडिलांची आणि गुरूंची कृपा म्हणावं आणि घरी जावं. गावस्कर शतक करून वर बोलायचा. पंचांशी, मंडळाशी, पत्रकारांशी, लॉर्ड्सच्या दारवानाशी. दारवानांच्या उर्मटपणाचा राग धरून त्याने 1990 साली एमसीसीचं सदस्यत्वच नाकारलं, तर इकडे आपलेच लोक म्हणाले, काय हा गर्व! इंग्रजांच्या दारात ताटकळणं हाच ज्यांना सन्मान वाटतो, त्यांनी गर्वावर बोलावं हे विशेष.

उर्मट उत्तराचं वावडं असायला आमचा जावळी तालुका काही संतांचा मठ नाही. जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांनी शिवाजी महाराजांना धाडलेल्या जबाबाची गोष्ट इथली शाळेतली पोरंही रंगवून सांगतात. त्याचा निकाल 1656 साली लागला, तो भाग वेगळा. जबाब मात्र अजून अभिमानाने सांगतात. गावस्करने फेब्रुवारी 1981 मध्ये मेलबर्नला जे केलं ते त्याच जातकुळीचं. सत्तरवर असताना लिलीच्या चेंडूवर पायचीत दिला, बॅट लागली होती असं त्याचं म्हणणं, त्यात लिलीने डिवचलं. हा समोरच्या चेतन चौहानला हाताला धरून मैदानाबाहेर निघाला. हे चौहान दिल्लीला जाण्याआधी आमच्या महाराष्ट्र संघाकडून खेळलेले. सीमारेषेवर व्यवस्थापक शाहिद दुराणी आडवे आले, त्यांनी चौहानला परत पाठवलं, म्हणून सामना वाचला. पुढे ऑस्ट्रेलियाला 143 हव्या असताना कपिलने दुखऱ्या पायाने पाच बळी घेतले आणि त्यांना 83 वर गुंडाळलं. दुराणी नसते तर हा विजय हरवला असता, आणि तो गावस्करने हरवला असता. त्याने स्वतः पुढे त्या कृत्याबद्दल खेद व्यक्त केला. मला विचाराल तर खेदाची गरज सामना सोडण्याबद्दल होती, संतापण्याबद्दल नव्हती. आज कोहली भर मैदानात शिव्या देतो तेव्हा त्याला आक्रमकपणा म्हणतात आणि त्यावर जाहिराती निघतात. गावस्करचा राग विकायला कुणी उभं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

आता पैशाचं. "पैशाचा लोभी" हे त्याला चिकटवलेलं दुसरं विशेषण, आणि ते मेढ्यात बसून कुणी बोललं की माझं डोकं सणकतं. जावळीतल्या कुठल्याही वाडीत जा, घरातला एक तरी माणूस मुंबईला पाठीवर ओझी वाहून आलेला. मशीद बंदर, भायखळा, पुढे वाशीचं मार्केट. खांद्यावरचा घट्टा आणि कमरेचा पट्टा घेऊन ही माणसं निवृत्त होऊन गावी येतात. ओझ्याचा दर मुकादमाने किंवा शेठने मनाला येईल तसा ठरवायचा नाही, यासाठी ती भांडली. 1969 चा माथाडी कायदा त्या भांडणातून आला. ज्या तालुक्याला घामाचा दर मागून घेण्याची किंमत माहीत आहे, तिथे "खेळाडूनं पैसे मागू नयेत" असं म्हणायला जीभ कशी उचलते? गावस्करच्या काळात खेळाडूचा दर ठरवणारे शेठ क्रिकेट मंडळात बसले होते. 1983 चा विश्वचषक जिंकून संघ आला तेव्हा बक्षीस द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते. लता मंगेशकरांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला तेव्हा प्रत्येकाला लाख रुपये मिळाले. अशा दुकानात जो उभा राहून "माझं काय?" विचारतो तो लोभी, आणि आयपीएलच्या लिलावात कोटींचे आकडे पुकारतात तेव्हा तो आपला अभिमान! रात्रभर लिलाव बघणाऱ्यांनी हा हिशोब मला समजावून सांगावा.

डिसेंबर 1984 ला कपिलला कोलकात्याच्या कसोटीतून काढलं, ते गावस्करच्या नावावर जमा आहे. तो निर्णय निवड समितीचा होता, असं तो सांगत आला; लोकांनी मात्र निकाल कधीच लावला. ईडन गार्डनवर त्याच्यावर फळं फेकली गेली. 1987 ला पाकिस्तानविरुद्ध कोलकात्यात खेळायला त्याने नकार दिला. हेही हट्टाचंच. देशाचा सामना आहे, गर्दीवर रुसून बसायचं नसतं.

आणि दोन गोष्टींना माझ्याकडे उत्तर नाही. एक, 'सनी डेज'मध्ये किंग्स्टनच्या प्रेक्षकांबद्दल त्याने जे लिहिलं ते. 1976 च्या त्या कसोटीत आपल्या फलंदाजांची डोकी फुटत होती आणि प्रेक्षक ओरडत होते, हे खरं. पण राग गोलंदाजीवर आणि पंचांवर काढायचा सोडून त्याने एका अख्ख्या समाजाला रानटी ठरवलं. त्याला बचाव नाही. दुसरी, वांद्र्याची जागा. 1988 साली सरकारने इनडोअर अकादमीसाठी दिलेला भूखंड त्याने 2022 साली परत केला. मधल्या तीन दशकांहून अधिक काळात तिथे पोरांसाठी एक नेटही लागलं नाही. मेढ्याच्या पोराला वांद्र्याच्या अकादमीचा उपयोग नव्हताच, आमचा सातारा जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेखाली येतो. पण मुंबईतल्या चाळीतल्या पोराला होता. त्याच्यावर टीका करायचीच तर ही करा. छत्तीस धावांपेक्षा ती भक्कम आहे, आणि आश्चर्य म्हणजे हॉटेलात कुणाला ती सुचत नाही.

बाकी फलंदाजीबद्दल वाद घालायला माझ्यासमोर कुणी येऊ नये. हेल्मेट त्याने कधी घातलं नाही. पुढे कवटीला बसणारी छोटी टोपी काय ती घातली. ऑक्टोबर 1983, कानपूर: वेस्ट इंडिजच्या मार्शलच्या चेंडूने हातातली बॅट उडाली. डिसेंबर, कोलकाता: पहिल्याच चेंडूवर बाद, सामना डावाने गेला, प्रेक्षकांनी शिव्या घातल्या. लगेच पुढची कसोटी चेन्नईची. सलामी सोडून चौथ्या क्रमांकावर यायचं ठरवलं, जरा दम खाता येईल म्हणून. मार्शलने गायकवाड आणि वेंगसरकर दोघांना उडवलं आणि धावफलकावर शून्यावर दोन. चौथा आलास तरी धावा शून्यच आहेत, असा टोमणा व्हिव रिचर्ड्सने मारल्याचं गावस्कर स्वतः हसत सांगतो. त्या शून्यावरून त्याने नाबाद 236 केल्या. तिसावं शतक, ब्रॅडमनच्या एकोणतीसच्या पुढे. त्याची बचावाची ठेवण बघितलेली माणसं अजून आहेत आमच्यात. डोकं चेंडूवर वाकलेलं, बॅट पॅडला चिकटलेली, हात ढिले. ताशी कितीही वेगाने आलेला चेंडू पायाशी मेल्यासारखा पडायचा. ती ढिलाई शिकवता येत नाही. घाबरलेल्या माणसाचे हात घट्ट होतात.

बंगळूरच्या मैदानावर तर त्याने दोन्ही टोकं दाखवली. 1982 च्या रणजी उपांत्य सामन्यात रघुराम भटची फिरकी उजव्या हाताला खेळवेना म्हणून हा चक्क डावखुरा उभा राहिला आणि नाबाद राहिला. खेळाची थट्टा केली म्हणून लोक खवळले. पाच वर्षांनी, मार्च 1987 मध्ये, त्याच मैदानावर पाकिस्तानविरुद्ध त्याची शेवटची कसोटी. खेळपट्टी अशी की चेंडू हातभर वळतोय आणि मधूनच नाकाशी उडतोय. जिंकायला 221 हव्या होत्या. दुसरा एकही फलंदाज तिशीपर्यंत पोहोचला नाही. गावस्करने 96 केल्या. सामना 16 धावांनी गेला. त्या सोळाही त्यानेच का काढल्या नाहीत, असं विचारणारे त्या संध्याकाळी निघालेच असतील.