कच्चा रंग, पक्का रंग

झाडपाल्याच्या रंगांत रंगविलेले सुती कापड लोक पुन्हा आवडीने घेऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु दोन धुण्यांत रंग उतरला की गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. दोष झाडपाल्यावर जातो. आमच्या मते तो घाईचा आहे.

लोकर तुरटी सहज धरते, सूत धरीत नाही. म्हणून भारतातील जुने रंगारी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवीत. त्यातील तुरट द्रव्य सुताला चिकटते, त्यावर तुरटी बसते आणि तुरटीवर रंग. आपल्या मॉरिशसच्या किनाऱ्यावरचा बदामिये हिरड्याचाच भाऊबंद आहे. त्याची पानेही हे काम करतात. त्याआधी कापड धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढलीच पाहिजे. १०० ग्रॅम कोरड्या कापडास सुमारे १५ ग्रॅम तुरटी पुरते.

हळदीचा पिवळा उन्हात उडतो. डाळिंबाच्या सालीचा अधिक टिकतो. मोरचुदाने रंग गडद होतो खरा, पण त्याचे सांडपाणी माशांना विष आहे. ते समुद्रात सोडून ‘नैसर्गिक’ म्हणवून घेणे शोभत नाही.

शाळांतून व महिला मंडळांतून हे शिक्षण पद्धतशीर व्हावे, अशी आमची सूचना आहे. प्रत्येक नमुना अर्धा झाकून महिनाभर उन्हात ठेवावा, दहा वेळा धुवावा आणि वहीत नोंद करावी. ज्या रंगाची परीक्षा आपण घेतली नाही, तो पक्का म्हणून विकण्याचा आपल्याला अधिकार नाही.