आशा भोळी नव्हती

नवा राष्ट्रप्रमुख शपथ घेतो तेव्हा ज्यांचे मन भरून येते, त्यांची कीव करण्याची रीत आपल्या सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबांत अलीकडे रूढ होऊ लागली आहे. ‘सगळे एकाच माळेचे मणी’ हे वाक्य उच्चारले की विचार संपला! पुराव्यादाखल फिलिपाइन्सचे नाव घेतले जाते. ज्या मार्कोसला जनतेने १९८६ मध्ये हाकलले, त्याचाच मुलगा ३० जून २०२२ रोजी तेथील राष्ट्राध्यक्ष झाला. मग रणगाड्यांपुढे धरलेल्या त्या जपमाळांनी साधले काय, असा सवाल केला जातो.

सवाल रास्त आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीत मार्कोस यांच्या बाजूने आकडे फिरवले जात आहेत हे पाहून मतमोजणीच्या संगणकांवरील कर्मचारीच उठून बाहेर पडले आणि त्यांनी एका चर्चमध्ये आश्रय घेतला. गैरमार्गाने मिळवलेल्या सत्तेला नैतिक अधिष्ठान नसते, असे तेथील बिशपांनी जाहीरपणे सांगितले. कार्डिनल सिन यांनी रेडिओ व्हेरितासवरून हाक दिली आणि मनिलाचा महामार्ग माणसांनी भरून गेला. २५ फेब्रुवारीला श्रीमती कोराझोन अक्विनो यांनी शपथ घेतली. त्याच रात्री मार्कोस यांनी राजवाडा सोडला. वीस वर्षांची राजवट संपली. त्या दिवशीच्या आनंदाला भोळेपणा म्हणणाऱ्याने आधी त्या वीस वर्षांतील तुरुंगांकडे पाहावे. नव्या राष्ट्राध्यक्षांनी राजकीय कैदी सोडले, १९८७ ची राज्यघटना आणली, लष्करी बंडांचे एकामागून एक प्रयत्न सोसले आणि १९९२ मध्ये शांतपणे पद सोडले. हे थोडे नव्हे.

मग चुकले कोठे? याचे उत्तर मेंदियोलाच्या पुलापाशी सापडते. श्रीमती अक्विनो या मोठ्या जमीनदार घराण्यातल्या. आपल्या कुटुंबाची हसिएंदा लुइसिता ही उसाची जमीनही भूसुधारणेतून सुटणार नाही, असे त्यांनी प्रचारात सांगितले होते. वर्ष होत आले तरी कायदा होईना. २२ जानेवारी १९८७ रोजी हजारो शेतकरी त्या वचनाची आठवण द्यायला राजवाड्याकडे निघाले. सुरक्षा दलांनी गोळीबार केला आणि किमान तेरा माणसे ठार झाली.

माझ्या मते त्या वर्षी त्या देशात खरी आशा बाळगणारे कोणी असतील, तर हे शेतकरी. नेत्याचा शब्द त्यांनी खरा मानला, म्हणून तर ते मागायला गेले. बाकीचे टाळ्या वाजवून घरी परतले होते. बाई भाविक आहे, जपमाळ करते, आता सर्व ठीक होईल, अशी त्यांची समजूत! (भाविक नेत्याला हिशेब विचारणे आपल्या लोकांना नेहमीच जड जाते, आणि त्यात आम्ही धर्मगुरू मागे नाही.) संत थॉमस अक्वायनस यांनी आशा या ईश्वरी सद्गुणाविरुद्धची दोन पापे सांगितली आहेत: एक निराशा, दुसरे कृपेला गृहीत धरणे. मनिलाच्या सुखवस्तू वर्गाने दुसरे केले. आज आपल्या दिवाणखान्यांत बसून ‘सगळे सारखेच’ म्हणणारे पहिले करतात. दोघांनाही जागचे उठावे लागत नाही, एवढे साम्य मात्र पक्के.

राजांवर भिस्त ठेवू नका, हा स्तोत्रकर्त्याचा इशारा निराशावादी मोठ्या हौसेने सांगतात. परंतु त्या स्तोत्रातील देव पुढे उपाशी, बंदिवान, विधवा आणि अनाथ यांचा कैवार घेतो, तिथपर्यंत त्यांचे वाचन पोहोचत नाही.

१९८८ मध्ये कायदा झाला, पण जमिनीऐवजी कंपनीचे समभाग देण्याची पळवाट ठेवून. लुइसिताच्या मजुरांच्या हाती तेच समभाग पडले. त्यांनी हट्ट सोडला नाही. नोव्हेंबर २००४ च्या संपात तेथे पुन्हा गोळ्या चालल्या, सात जण गेले. तरी दावा चालूच राहिला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमीन कसणाऱ्यांना वाटण्याचा आदेश कायम केला. तेव्हा श्रीमती अक्विनो यांना जाऊन तीन वर्षे होत आली होती आणि राष्ट्राध्यक्षपदी त्यांचाच मुलगा होता.