सांगड आणि दोर

मराठी शिकवणाऱ्या माणसाला लोक काय काय विचारतात, याची या सदराच्या वाचकांना थोडीफार कल्पना आहेच. नातीचे नाव काय ठेवावे, लग्नपत्रिकेतले 'कृपाभिलाषी' कसे लिहावे, दुकानाच्या पाटीवरची वेलांटी पहिली की दुसरी, इथवर माझा अधिकार शेजारीपाजारी मान्य आहे. पण गेल्या ज्येष्ठात एका रविवारी रात्री साडेनऊ वाजता माझ्या भाच्याचा अमेरिकेहून फोन आला आणि त्याने विचारले,

"मामा, नावेच्या मागे मुलीला ओढायचे आहे. सामान कुठले घेऊ?"

भाचा मिनेसोटात असतो. त्या राज्याला दहा हजार तळ्यांचा प्रदेश म्हणतात. त्याने एक पाँटून बोट घेतली होती आणि उन्हाळ्यापुरती ताई, म्हणजे त्याची आई, तिकडे गेली होती. नात सात वर्षांची. हवा भरलेल्या ट्यूबवर बसवून तिला बोटीमागे दोराने ओढायचे, असा बेत होता. मी म्हटले, "अरे, मी अंबाझरीच्या काठावर भेळ खाण्यापलीकडे जलक्रीडा केलेली नाही!" एवढ्यात ताईने फोन हातात घेतला.

"बाळू, मी याला सांगितले आहे, दोर तुझा मामा निवडील, तरच पोरगी पाण्यात जाईल."

"अगं, मला त्यातले काय कळते?"

"दोरातले तुला नाही कळत, तर कुणाला कळते?" एवढेच बोलून ती थांबली. मीही पुढे काही बोललो नाही. त्याचे कारण चाळीस वर्षांपूर्वीचे आहे.

आमचे आजोळ वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडे. मळ्यातल्या विहिरीत आम्ही पोरे पोहायला शिकत असू. पाठीला दोन वाळलेले भोपळे, कमरेला दोर आणि दोराचे दुसरे टोक काठावरच्या गड्याच्या हातात. मी आठ वर्षांचा असेन. त्या दिवशी मी भोपळे सोडले आणि नुसत्या दोरावर उतरायचे ठरवले. दोरही मीच निवडला. गोठ्यात जुन्या मोटेचा नाडा टांगलेला होता. मोट बंद होऊन कित्येक वर्षे झाली होती. पण नाडा मनगटाएवढा जाड, पीळ कसा घट्ट! असला दोर तुटतो होय? तो विहिरीच्या दगडी कडेवर घासला आणि मध्येच सुटला. वरून पीळ शाबूत होता, आतला जीव केव्हाच गेला होता. मी दोन गटांगळ्या खाल्ल्या. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी असलेली ताई काठावर धुणे धूत होती. तिने नेसत्या साडीनिशी उडी घेतली आणि माझे केस धरून मला वर काढले. घरी तिने सांगितले, "पायरीवरून घसरला." आईला शेवटपर्यंत खरे कळले नाही.

तेव्हा ताईने दोर निवडायला मला सांगावे, यात थट्टा किती आणि परीक्षा किती, ते मला नीट समजले.

आता पाँटून बोट म्हणजे काय, ते आधी सांगतो. अॅल्युमिनियमच्या दोन (मोठ्या बोटीला तीन) लांब, बंद नळ्या, त्यांवर सपाट तक्तपोशी, भोवती कठडा, आत गाद्यांच्या बैठका. थोडक्यात पाण्यावर तरंगणारा दिवाणखाना. मागच्या अंगाला मधोमध इंजिन टांगलेले. १९५० नंतरच्या एक-दोन वर्षांत मिनेसोटातल्याच अँब्रोज वीअर्स नावाच्या गृहस्थाने ही बोट घडवून बाजारात आणली. पण मला तिचे चित्र पाहताच शब्द आठवला तो आपला 'सांगड'. मोल्सवर्थचा कोश उघडला. सांगड म्हणजे दोन नावा एकत्र बांधून केलेली जोडनाव, आणि पोहण्यासाठी जोडलेल्या दोन भोपळ्यांनाही सांगडच म्हणतात! विचारांची सांगड, खर्चाची सांगड आपण रोज घालतो. त्या शब्दाखाली पाणी आहे हे विसरून जातो. म्हणजे भाच्याने लाखो रुपये मोजून जे घेतले, ते मी आर्वीच्या विहिरीत पाठीवर बांधले होते. माझा धीर जरा वाढला.

दुसऱ्या दिवशी इतवारीत गेलो. पावसाच्या तोंडावर शेतकरी कासरे, दावी, वेसणी घ्यायला आलेले होते. दुकानदाराने विचारले, "काय बांधाचं जी?"

"नाव."

"बांधाची का ओढाची? बांधाचा दोर येगळा, ओढाचा येगळा."

मी मुलीचे वजन सांगू लागलो, तर तो हसला. "वजन नका सांगू गुरुजी, झटका सांगा. बैल उभा असते तवा दोराले काई होत नाही. बुजला म्हंजे तुटते." मग त्याने एक दोर घेतला, उलटा पिळून त्याचे पेड मोकळे केले आणि आतला भाग मला दाखवला. "दोर वरून नाही, आतून पाहा लागते." हे वाक्य मला चाळीस वर्षांपूर्वी ऐकायला मिळाले असते तर बरे झाले असते.

पुढे मी वाचू लागलो, तेव्हा या इतवारीच्या ज्ञानाला अमेरिकेची साक्ष मिळाली. तिथल्या जलक्रीडा व्यवसायाच्या संघटनेने ट्यूब ओढण्याच्या दोरांची प्रत ठरवून दिली आहे. ट्यूबवर एक माणूस असेल, तर दोर निदान १,५०० पौंडांच्या ताणाला टिकला पाहिजे. दोन माणसांना २,३७५, तिघांना ३,३५० आणि चौघांना ४,१०० पौंड. दोन माणसांचे मिळून वजन ३४० पौंड, म्हणजे सुमारे १५४ किलो धरले आहे. आणि दोर मागितला आहे १,०७७ किलोंचा. वजनाच्या सात पट! कारण तोच, झटका. लाटेवर ट्यूब क्षणभर रेंगाळते, दोर सैल पडतो, आणि पुढच्याच क्षणी बोट त्याला हिसका देते. ट्यूबचे नाक पाण्यात घुसले तर विचारूच नका.

लांबीचेही शास्त्र आहे. ट्यूबचा दोर ५० फुटांपेक्षा आखूड नसावा आणि ६५ पेक्षा लांब नसावा. आखूड झाला तर मूल इंजिनाच्या फेसात येते. फार लांब झाला तर बोट वळताना ट्यूबची गोफण होते. गोफणीत हाताचा वेग थोडा आणि दगडाचा फार, हे आपल्याकडच्या राखणदाराला सांगावे लागत नाही. पण सुकाणूवरच्या भल्याभल्यांच्या ते लक्षात येत नाही. घसरफळ्यांचा, म्हणजे स्कीचा दोर ७५ फुटांचा असतो, पण तो एका माणसापुरता आणि हलका. तो ट्यूबला लावू नये. आणि बोट धक्क्याला बांधण्याचा नायलॉनचा दोर तर मुळीच नको. तो रबरासारखा ताणतो आणि तुटला की चाबकासारखा उलटा येतो. शिवाय पाण्यात बुडतो आणि पंख्यात सापडतो. ओढण्याचा दोर तरंगणारा हवा.

या खेळाचा जन्मही त्याच मुलखातला. १९२२ साली लेक पेपिन नावाच्या तळ्यावर राल्फ सॅम्युअलसन या अठरा वर्षांच्या पोराने पाण्यावर घसरण्याचा खटाटोप केला. आधी त्याने पिंपाच्या फळ्या पायांना बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या घसरफळ्या. शेवटी स्वतःच रुंद फळ्या वाकवून घेतल्या. आणि दोर? खिडकीच्या तावदानाला असते ती दोरी! त्याचे निभावले. पण पहिल्या माणसाचे निभावते म्हणून दुसऱ्याने खिडकीची दोरी सोडू नये.

आता राहिला मुख्य प्रश्न, हा दोर बोटीला बांधायचा कुठे? कठड्याला बांधणे म्हणजे आपणहून कठडा उपटणे. धक्क्याला बोट बांधण्याच्या खुंट्या त्या कामाच्याच. एका बाजूच्या कडीला बांधला, तर सगळा ओढा एकाच नळीवर येतो आणि बोट तिरपी चालते. भाच्याने तीन चित्रे धाडली होती. एक, मागच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या कड्यांना लावायचा दुहेरी दोर. त्यावर एक कप्पी फिरते आणि ओढा मधोमध राहतो. स्वस्त आणि सुटसुटीत. पण इंजिनाच्या अगदी जवळ, पाण्याला चिकटून. दोन, इंजिनाच्या मागून आणि वरून वळलेली धातूची ठेंगणी कमान. दोर तिला अडकवला की तो पंख्यापासून वर आणि दूर राहतो. तीन, पुरुषभर उंचीचा खांब. तो दिसायला रुबाबदार, पण तो एका फळीवर उभ्या राहणाऱ्या एकट्या खेळाडूसाठी. ट्यूबचा ओढा जड आणि झटक्याचा. उंच खांबावर तो तरफेसारखा काम करतो. ट्यूब उंच खांबाला बांधू नये, असे बनवणारेच बजावतात.

रामटेकजवळच्या खिंडसीला यंत्राच्या नावा चालतात, म्हणून एका सकाळी तिकडेही जाऊन आलो. डोंगरावर रामाचे देऊळ. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असे आमच्या नागपूरच्या महामहोपाध्याय मिराशींनी मांडले, आणि आम्ही तो निकाल कायमचा स्वीकारला आहे. पण त्या दिवशी माझे लक्ष मेघावर नव्हते. २०१७ च्या जुलैत नागपूरजवळच्या वेणा जलाशयात हौशी तरुणांची नाव उलटली आणि त्यांतले कितीतरी घरी परतले नाहीत, तेव्हापासून नाव म्हटली की आमच्या घरी आधी जाकिटाचा विषय निघतो. मी नावाड्याला माझा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "दोर कोणताही घ्या साहेब, पण नावेवर दोन माणसं लागते. एक समोर पाह्याले, एक मांग. समोरच्यानं मांग पाह्यलं की नाव गेली, आणि मांग पाह्याले कोणी नसलं की माणूस गेला." मिनेसोटाचा कायदाही हेच सांगतो, माणूस ओढायचा तर मागे लक्ष ठेवणारा दुसरा कुणी तरी हवा, नाहीतर निदान मागचे दाखवणारा रुंद आरसा. आरशाची सोय माझ्या मनातून मी तेव्हाच रद्द केली.

परत येऊन भाच्याला पत्र लिहिले. मी लिहिले ते असे:

"चि. भाच्यास आशीर्वाद. ठेंगणी कमान घ्यावी. ती तक्तपोशीच्या नुसत्या लाकडात न ठोकता खालच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना बोल्टांनी पक्की करून घ्यावी; आपल्या बोटीला ती बसते की नाही, हे बोट विकणाऱ्यालाच विचारावे. दोर ६० फुटांचा, दोन माणसांचा, तरंगणारा. ट्यूब बसायची घ्यावी, पालथे पडायची नको. आणि पहिल्या वेळी तुम्ही शेजारी बसावे, सुकाणू सूनबाईंनी धरावे. मूल असताना वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको, म्हणजे आपल्या सीताबर्डीतल्या स्कूटरचा. दोर हलके हलके ताणून मगच वेग द्यावा. तो हाताला गुंडाळू नये, त्याला गाठ मारू नये. गाठीने दोराचे अर्धे बळ जाते. वापर झाला की सावलीत ठेवावा, उन्हाने तो आतून मरतो. कुणी पाण्यात पडले तर त्याच्याजवळ जाऊन इंजिन बंद करावे, नुसते मंद नव्हे. कठड्यापुढे पाय सोडून कुणी बसू नये. तिथून पडलेला माणूस दोन नळ्यांमधून सरळ पंख्याकडे जातो. जाकीट अंगाबरोबर बसणारे, मुलीच्या मापाचे. आणि मागे पाहायला ताईला बसवावे. तिला दुसरे काही काम सांगू नये."

उत्तर आले नाही. मी रोज फोन पाहत होतो, आणि सौ. मला पाहत होत्या. "तुमच्या विद्यार्थ्यांचे निकाल लागतात तेव्हा एवढी येरझार नसते," असे त्यांनी एकदा म्हणून दाखवले. आषाढात, एकादशीनंतर, चित्रफीत आली. निळे पाणी, ६० फुटांवर पिवळी ट्यूब, तीत भाचा आणि त्याला बिलगलेली ती पोर. तिने अंगठा वर केला. अंगठा वर म्हणजे आणखी जोरात, खाली म्हणजे हळू. ही खूण तिला आधी शिकवली होती. वेग मात्र वाढला नाही. चित्रफितीच्या कोपऱ्यात ताईची पाठ दिसत होती, साडीवर केशरी जाकीट. ती नातीला हात हलवून दाखवत नव्हती, हसत नव्हती. गुडघ्यांवर हात ठेवून ती एकटक मागे पाहत होती.

रात्री तिचा फोन आला.

"दोर आला तेव्हा मी अंगणात सगळा सोडवला," ती म्हणाली. "या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाने चाचपला. दोन ठिकाणी पीळ उकलून पाहिला. हा हसत होता मला."

"मग?"

"चांगला आहे. आतून चांगला आहे." थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाळू, पुढच्या उन्हाळ्यात तू ये. तुला बसवू त्याच्यावर."

मी म्हटले, "येईन. पण मागे पाहायला तू असलीस तर."